सॅलरी स्लिप नाही पण घर घ्यायचंय: फ्रीलान्सरने होम लोनची तयारी कशी करायची

२०२१ ला मी पहिल्यांदा होम लोनसाठी बँकेत गेले तेव्हा डोक्यात साधा हिशोब होता, महिन्याला ऐंशी हजारांच्या आसपास येतात, खर्च फार नाही, मग पंचवीस हजारांचा हप्ता काय जड जाणारे. समोरच्या माणसाने दोन वर्षांचे रिटर्न घेतले, कॅल्क्युलेटर पुढे ओढला आणि पाच मिनिटांत कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने १३ लिहून त्याला गोल केला. तेरा लाख. मी म्हटलं तेरा कसे, तर म्हणाला, मॅडम तुमची इन्कम महिन्याला छत्तीस हजारच आहे ना.

राग आला होता, पण गणित त्याचंच बरोबर होतं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगची कॉन्ट्रॅक्ट्स घेते आणि रिटर्न आयकर कायद्याच्या ४४एडीए कलमाखाली भरते. म्हणजे वर्षभरात जेवढे पैसे आले त्यातले निम्मे उत्पन्न म्हणून दाखवायचे, हिशोबाच्या वह्या नाहीत, ऑडिट नाही. एका वर्षी ७.८ लाख आले, दाखवले ३.९. पुढच्या वर्षी ९.८ आले, दाखवले ४.९, आणि तेव्हा पाच लाखांपर्यंत रिबेट असल्याने टॅक्स शून्य, मी खूश. बँकेने दोन वर्षांची सरासरी काढली, ४.४ लाख, महिन्याला ३६,६६७. त्याच्या ४० टक्के हप्ता चालेल असं धरलं, त्यातून माझ्या लॅपटॉपचा ४,५०० चा ईएमआय वजा केला, उरले दहा हजार आणि काहीतरी. ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी लाखाला ७७५ चा हप्ता बसतो. झाले तेरा लाख.

गंमत बघा, माझा खरा खर्च वर्षाला दीड लाखाच्या वर नव्हता. कायदा म्हणतो किमान ५० टक्के दाखवा, जास्त दाखवायला कुणी अडवलेलं नाही, मी किमानालाच ठरलेला रेट समजून बसले होते. त्या वर्षी खरे ८ लाख दाखवले असते तर नव्या टॅक्स रिजीममध्ये (जिथे दर कमी, पण बहुतेक सवलती नाहीत) सेस धरून ४६,८०० टॅक्स बसला असता. तेवढे वाचवले आणि घर तीन वर्षं पुढे गेलं.

म्हणून इथे मी उलटीकडून सांगणारे. फ्लॅट बघायला जाणं ही शेवटची पायरी आहे, पहिली पायरी दोन वर्षं आधीचा रिटर्न आहे. खाली जे लिहिलंय ते भारतातलं आणि स्टॅम्प ड्युटी वगैरे महाराष्ट्रातलं आहे.

आधी उलटं गणित करा

किती लोन मिळेल असं विचारू नका, मला केवढं घर घ्यायचंय आणि त्यासाठी रिटर्नमध्ये किती दिसायला हवं असं विचारा. समजा घर ६० लाखांचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, ३० ते ७५ लाखांच्या लोनला ८० टक्के, त्याच्या वर ७५ टक्के. म्हणजे इथे जास्तीत जास्त ४८ लाख. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर लाखाला ८६८ रुपये, ४८ लाखांना साधारण ४१,७०० चा हप्ता. बँक उत्पन्नाच्या निम्मा हप्ता मान्य करते असं धरलं (काही ४० करतात, काही ६० पर्यंत जातात, उत्पन्न किती त्यावर) तर महिन्याला ८३ हजार, म्हणजे वर्षाला १० लाख दिसायला हवेत. एका वर्षी नाही, निदान दोन वर्षं, आणि बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांचे रिटर्न मागतातच.

सरासरी काढायची पद्धत पण नीट समजून घ्या. मागच्या वर्षी ६ आणि यंदा १४ दाखवले तर बँक डोळे झाकून १० धरेल असं नाही, एवढी उडी का मारली हे विचारते आणि बऱ्याचदा वाढीचा थोडाच भाग मोजते. उलट मागच्या वर्षी १४ आणि यंदा ९ असेल तर सरासरी सोडून सरळ ९ च धरतात. चढता आलेख हवा, पण जिना हवा, लिफ्ट नको.

आता यातली आनंदाची गोष्ट. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या रिजीममध्ये १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेटमुळे टॅक्स शून्य आहे. नोकरीवाल्यांना वर ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, ते आपल्याला नाही, आपली रेघ १२ लाखांवरच. पण ज्याचे वर्षाला १३-१४ लाख येतात आणि खरा खर्च दोन लाख आहे त्याने निम्मे म्हणजे सात लाख दाखवून काय मिळवलं? टॅक्स इकडेही शून्य, तिकडेही शून्य, फक्त लोन निम्मं. तरी अजून कितीतरी जण सवयीने निम्मेच दाखवतात कारण सीए मागच्या वर्षीचा फॉर्म उघडून आकडे बदलतो. सीएला मार्चच्या आधी फोन करून स्पष्ट सांगा की मला घर घ्यायचंय, त्याचं काम टॅक्स वाचवणं आहे, तुमच्या डोक्यात घर आहे हे त्याला कसं कळणार.

आणि हो, खोटं फुगवू नका. न आलेले पैसे दाखवून रिटर्न भरला की बँक तो एआयएस (तुमच्या पॅनवरच्या व्यवहारांची आयकर खात्याकडची यादी), टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला टॅक्स) आणि खात्यातल्या जमेशी ताडून बघते, आणि तिथे सापडलात तर नुसतं लोन जात नाही, लोनसाठी खोटी कागदपत्रं दिली म्हणून प्रकरण वेगळंच होतं.

रिटर्नबद्दल अजून थोडं

४४एडीए सगळ्यांसाठी नाहीये. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए, टेक्निकल कन्सल्टन्सी, इंटिरिअर, फिल्म आर्टिस्ट, आयटी अशी ठरावीक यादी आहे. कंटेंट रायटर, सोशल मीडियावाले, डिझायनर यांच्यात थोडा घोळ असतो, काहींचे सीए ४४एडी हे छोट्या धंद्यांसाठीचं कलम लावतात जिथे डिजिटल जमेवर किमान ६ टक्के दाखवलं तरी चालतं. ते ६ टक्के बघून हुरळून जाऊ नका, २० लाखांवर ६ टक्के म्हणजे १ लाख २० हजार वार्षिक उत्पन्न, यावर होम लोन सोडा, बाइकचं लोन पण नाक मुरडून देतील. ४४एडीए ची मर्यादा ५० लाख जमा आहे, रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय त्यामुळे कलमांचे नंबर बदलले, पण बँकेत आणि सीएकडे सगळे अजून चव्वेचाळीस एडीएच म्हणतात.

रिटर्न वेळेत भरा हे सगळेच सांगतात, कारण मात्र कुणी सांगत नाही. बँक रिटर्नवरची तारीख बघते. दोन वर्षांचे रिटर्न एकाच महिन्यात भरलेले दिसले की त्यांना वाटतं हे लोनसाठी बनवले, आणि बरेचदा त्यातला एकच धरतात. मागचा रिटर्न राहिलाच असेल तर अपडेटेड रिटर्न भरता येतो, पण जादा टॅक्स भरून, आणि बँक त्याला ताज्या रिटर्नइतका भाव देत नाही. भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, नाहीतर कायद्याने तो वेळेवर भरलेलाच धरत नाहीत, माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं होतं, ओटीपी टाकायचा राहिला एवढंच कारण.

अॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच भरलेला टॅक्स, असला तर फाइल चांगली दिसते. ४४एडीए वाल्यांना एकच हप्ता, १५ मार्चपर्यंत. आणि क्लायंटने कापलेला टीडीएस ही तुमची मोठी साक्ष आहे, १० टक्के कापला म्हणून कुरकुर करतो आपण पण तो पॅनवर दिसतो, म्हणजे पैसे खरंच कामाचे आले हे तिसऱ्याच माणसाने सरकारला सांगितलेलं असतं.

जमा २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणी लागते, मग जीएसटी रिटर्नमधली उलाढाल आणि आयटीआर मधली जमा जुळली पाहिजे. बँकवाले हे दोन कागद शेजारी ठेवूनच बसतात.

खातं नीट ठेवा, बारा महिने आधीपासून

कामाचे पैसे एका खात्यात येऊ द्या आणि घरखर्च दुसऱ्या खात्यातून करा. करंट अकाउंट असलंच पाहिजे असं नाही, पण वेगळं असलेलं बरं. बँक तुमच्या स्टेटमेंटमधून सरासरी बॅलन्स काढते, आणि ती रोजची नाही, महिन्यातल्या ठरावीक तारखांची, साधारण ५, १५, २५ अशी. आपल्याकडे पैसे आले की लगेच म्युच्युअल फंड, एफडी, इकडे तिकडे पाठवून खातं रिकामं करायची चांगली सवय असते ना, ती अर्जाआधीचे सहा-आठ महिने जरा आवरा. पैसे तुमचेच आहेत, फक्त त्यांना दिसायला हवेत.

मित्राकडून घेतलेले उसने, भावाने टाकलेले एक लाख, रोख भरणा, हे सगळं स्टेटमेंटमध्ये उठून दिसतं आणि प्रत्येकाचा खुलासा मागतात. शक्य तर त्या काळात टाळा. हप्ता किंवा चेक बाउन्स तर अजिबात नको, एक बाउन्स म्हणजे दोन पानी पत्र.

परदेशी क्लायंट असतील तर प्रत्येक पेमेंटची इनवर्ड रेमिटन्स अॅडव्हाइस, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा कागद, डाउनलोड करून ठेवा, त्याच महिन्यात. वर्षभरानंतर मागायला गेलात की एकेक कागदाला आठ दिवस, स्वानुभव.

क्रेडिट स्कोअर

इथे फार वेळ घालवत नाही. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क अशा चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. काढा आणि वाचा. नुसता स्कोअर बघून बंद करू नका, खाली यादीत तुमचं नसलेलं लोन, बंद केलेलं पण चालू दिसणारं क्रेडिट कार्ड, असलं काहीतरी निघतंच. दुरुस्तीला वेळ जातो म्हणून सहा महिने आधी बघा. फ्रीलान्सर कार्ड फार वापरतात कारण क्लायंटचे पैसे उशिरा येतात, कार्डाची लिमिट दरमहा टोकाला न्यायची सवय असेल तर ती मोडा. फोनचा, लॅपटॉपचा, फ्रिजचा ईएमआय आधी संपवा. माझ्या लॅपटॉपच्या साडेचार हजारांनी जवळपास सहा लाखांचं लोन खाल्लं होतं.

आणि एजंटला, म्हणजे डीएसएला, पॅन देताना सांगा की मला विचारल्याशिवाय कुठेही लॉग इन करायचं नाही, म्हणजे अर्ज टाकायचा नाही. काही जण एकाच आठवड्यात पाच ठिकाणी फाइल टाकतात, प्रत्येक चौकशी रिपोर्टवर चढते, सहावी बँक विचारते की या पाचांनी का नाही दिलं.

फाइल

तीन वर्षांचे रिटर्न आणि कॉम्प्युटेशन ऑफ इन्कम (उत्पन्न आणि टॅक्सचा हिशोब), २६एएस (पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा उतारा) आणि एआयएस, बारा महिन्यांची सगळ्या खात्यांची स्टेटमेंट, चालू कॉन्ट्रॅक्ट्सच्या कॉपी, जीएसटी असेल तर ते रिटर्न. रिटर्न ४४एडीए चा असला तरी काही बँका बॅलन्स शीट आणि नफा-तोटा पत्रक मागतात, सीएकडून करून घ्या आणि सहीखाली यूडीआयएन नंबर (सीएच्या प्रत्येक कागदाला मिळणारा वेगळा क्रमांक) आहे ना बघा, त्याशिवाय घेत नाहीत. धंदा किती वर्षांपासून चालू आहे याचा पुरावा पण लागतो, शॉप अॅक्टचा कागद किंवा उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. उद्यम फुकट होते, ऑनलाइन, सरकारी साइटवर, पैसे मागणाऱ्या साइट्स बनावट समजा. तिचा दुसरा फायदा पण आहे, कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५, आणि २०२३-२४ पासून उशीर करणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत टॅक्समधून वजा करता येत नाही. इनव्हॉइसवर उद्यम नंबर टाकायला लागल्यापासून माझा एक नेट-९० वाला, म्हणजे इनव्हॉइसनंतर ९० दिवसांनी पैसे देणारा, क्लायंट गपचूप दीड महिन्यावर आला. म्हणून मी ही नोंदणी आज नाही काल करा म्हणते.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका पानाचा, जो कुणी मागितलाच नव्हता. उभ्या ओळीत क्लायंट, आडव्यात तीन वर्षं, प्रत्येकाकडून किती आले, खाली बेरीज, आणि ती बेरीज रिटर्नमधल्या जमेशी रुपयाला रुपया जुळणारी. याचं कारण पुढे.

घरी येणारा माणूस

नोकरीवाल्यांच्या कंपनीत फोन जातो. आपल्याकडे माणूस येतो, त्याला पीडी म्हणतात, पर्सनल डिस्कशन, आणि फ्रीलान्सरची फाइल इथेच पुढे सरकते किंवा अडते. माझ्याकडे आला तो हेल्मेट हातात घेऊनच आत आला, इकडेतिकडे बघून विचारलं, ऑफिस कुठाय? मी बेडरूमच्या कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. त्याने त्याचा फोटो काढला, माझा टेबलापाशी बसून फोटो काढला, मग म्हणाला बाहेर बोर्ड नाही का. आदल्या रात्री कुणीतरी सांगितलं म्हणून मी ए-फोर कागदावर नाव छापून सेलोटेपने दारावर लावला होता, आम्ही बघायला गेलो तर तो खाली चपलांवर पडलेला. त्याने तो उचलून स्वतःच परत लावला आणि फोटो काढला. चांगला माणूस होता.

पण प्रश्न नेमके होते. काम काय करता हे त्याला समजेल असं सांगा. पैसे कसे येतात, महिन्याला ठरलेले की कामागणिक. सगळ्यात मोठा क्लायंट कोण आणि तो उद्या गेला तर? तेव्हा मी ते एक पान पुढे केलं, सगळ्यात मोठा क्लायंट ३८ टक्के होता आणि तीन वर्षांत दोन क्लायंट जाऊनही एकूण जमा वाढलेली दिसत होती. तो ते पान सोबत घेऊन गेला. ज्यांचा एकच क्लायंट आहे त्यांना हा प्रश्न जड जातो, अशांनी करार किती वर्षं रिन्यू होत आलाय ते दाखवावं, दरमहा ठरावीक रिटेनर असेल तर काही ठिकाणी त्याला बऱ्यापैकी पगारासारखं बघतात.

उगाच मोठेपणा सांगू नका, मोठं ऑफिस घेणारे, माणसं ठेवणारे वगैरे. त्याला स्थिर माणूस हवा असतो, स्वप्नाळू नको.

अर्ज कुठे करायचा

ज्या बँकेत तुमचे कामाचे पैसे तीन-चार वर्षं येतायत तिथे आधी विचारा. सरकारी बँका कागद जास्त मागतात, वेळ लावतात, पण दर बरा असतो. हाउसिंग फायनान्स कंपन्या रिटर्न कमी दिसत असला तरी बँकेतली जमा किंवा जीएसटी बघून उत्पन्न धरतात, त्यामुळे २०२१ मध्ये मला तिकडून होकार आला असता, पण दीड-दोन टक्के जास्त दराने. अजून एक फरक, बँकांची फ्लोटिंग होम लोन्स ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक ठिकाणी रेपो रेटला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते तो) बांधलेली आहेत, रेपो उतरला की तुमचाही दर उतरतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही, त्या स्वतःच्या दराला बांधतात, तो चढताना पटकन चढतो.

नोकरी करणारा नवरा, बायको, भाऊ, आई-वडील कुणी सहअर्जदार झालं तर फाइल फार हलकी होते. मालकी ज्यांच्या नावावर ते सगळे अर्जदार लागतातच, पण अर्जदार आहे म्हणून मालकी द्यावीच असं नाही. मात्र त्याच्याही डोक्यावर पूर्ण कर्ज असतं आणि त्याच्या सिबिलवर पूर्ण दिसतं हे त्याला आधी नीट सांगा, नंतर घरात वाद नको.

बहुतेक बँका घर ठरायच्या आधीच सँक्शन, म्हणजे लोनची मंजुरी, देतात, काही महिने ते वैध राहतं. फ्रीलान्सरने हे घेतल्याशिवाय एक रुपया टोकन देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

घर आणि हातातली रक्कम

टोकन दिलंच तर पावतीवर लिहून घ्या की लोन नामंजूर झालं किंवा बँकेच्या वकिलाच्या तपासणीत घराची मालकी (टायटल) अडकली तर पूर्ण परत. नोकरीवाल्याला या ओळीची एवढी गरज पडत नाही. बांधकाम चालू असेल तर महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्ट नंबर टाकून बघा, ताबा कधीचा लिहिलाय, खटले आहेत का, आणि बिल्डरला रजिस्टर अॅग्रीमेंट केल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत. कुणी वीस टक्के भरा मग अॅग्रीमेंट करू म्हणाला तर उठा.

आता रोकड, इथे लोक हमखास चुकतात. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन आणि बऱ्याचदा जीएसटी हे लोन काढताना घराच्या किमतीत धरत नाहीत. ६० लाखांच्या घराला स्वतःचे १२ लाख, मोठ्या शहरांत ६ ते ७ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे ७ टक्क्यांनी ४ लाख २० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी ३ लाख. झाले साडेएकोणीस. वर बँकेची प्रोसेसिंग फी, गहाणखताची ०.३ टक्के ड्युटी, वकील, सोसायटीचे पैसे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर घेतलं तर जीएसटी नाही, म्हणून फ्रीलान्सरला मी तयार घरच सुचवते, शिवाय भाडं आणि हप्ता एकाच वेळी भरायची पाळी येत नाही. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, माझे त्यात बरे पैसे वाचले.

घर ५० लाख किंवा वर असेल तर विकणाऱ्याचा १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा असतो. आयुष्यभर आपला कापला जातो, हा एकदाच आपण दुसऱ्याचा कापतो. मजा आली, पण मुदत विसरू नका, ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवस.

लोन घेताना

सही करायच्या आधी की फॅक्ट स्टेटमेंट मागा, ऑक्टोबर २०२४ पासून द्यावंच लागतं, त्यात सगळे चार्जेस धरून खरा वार्षिक दर एका ठिकाणी असतो. लोनसोबत गळ्यात मारलेला एकरकमी प्रीमियमचा विमा बघा, तो बहुतेकदा लोनमध्येच मिळवून टाकलेला असतो. विमा हवाच, पण स्वतंत्र टर्म विमा घ्या, स्वस्त पडतो आणि बँक बदलली तरी राहतो.

ज्याची कमाई वरखाली होते त्याला ओव्हरड्राफ्टवालं होम लोन फार सोयीचं, स्टेट बँकेचं मॅक्सगेन हे त्यातलं जुनं नाव. चांगल्या महिन्यात जास्तीचे पैसे त्या खात्यात टाकायचे, तेवढ्यावर व्याज थांबतं, आणि वाईट महिन्यात परत काढता येतात. साध्या लोनमध्ये प्रीपेमेंट केलं की पैसे गेले ते गेले. दर किंचित जास्त असतो, पण आपल्यासारख्यांना तो परवडतो असं मला वाटतं. साधं लोन असेल तरी फ्लोटिंग रेटला व्यक्तीकडून प्रीपेमेंट चार्ज घेता येत नाही, कुणी मागितला तर लेखी मागा, मग मागत नाहीत.

जुन्या रिजीममध्ये घराच्या व्याजाची २ लाखांची वजावट आहे म्हणून घर घेतल्या घेतल्या तिकडे उडी मारू नका. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला नवी रिजीम सोडली की तिच्यात परत यायची संधी एकदाच मिळते, नोकरीवाल्यांसारखं दरवर्षी बदलता येत नाही. सीएकडून दोन्हीकडचा पाच वर्षांचा हिशोब करून घ्या, १२ लाखांच्या आसपास असाल तर बहुधा नवीच बरी निघते.

हप्त्याची तारीख निवडता येते हे मला शेवटच्या सहीच्या वेळी कळलं. माझे क्लायंट महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे टाकतात म्हणून मी १० तारीख मागितली, फॉर्मवर ५ छापलेली होती, त्याने पेनाने खोडून सही घेतली. हप्ता सलग ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं, ठरतं, आणि आपल्याकडे नेट-६० वाला एक क्लायंट अडकला की दोन महिने तसेच जातात, म्हणून नऊ हप्ते एवढी रक्कम मी वेगळ्या खात्यात टाकली आणि त्या खात्याचं डेबिट कार्ड घेतलंच नाही. पहिल्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यातले दोन वापरले, डिसेंबरपर्यंत परत भरले.